नानांच्या कोटाचा खिसा

"नाना, कोटाला तेल लागलंय बघा तुमच्या," गोदामावशी म्हणाल्या आणि खोलीतल्या बायकांच्या माना दाराकडे वळल्या.

जळगावच्या एका मंगल कार्यालयातली वधूपक्षाची खोली होती ती. नुकत्याच पंगती उठल्या होत्या. वरण-बट्टी, वांग्याची घोटलेली भाजी आणि वर बुंदीचा लाडू, असं भरपेट जेवण झालेलं, त्यात वैशाखातली दुपार. छताचा पंखा गरम हवाच इकडून तिकडे ढकलत होता. मी भिंतीला टेकून माझ्या तान्ह्या मुलीला मांडीवर थोपटत होते. दारात माझे सासरे उभे होते. अंगात त्यांचा तो बिस्किटी रंगाचा कोट. लग्न कुणाचंही असो आणि ऊन कितीही असो, नाना कोटाशिवाय जात नसत. रेल्वेतून निवृत्त झाले तरी रुबाब गेला नाही, असं लोक हसून म्हणायचे, आणि नानाही हसायचे.

ते मला सांगायला आले होते, नेहमीचंच. "हेमा, तुम्ही सगळे भुसावळला निघा. मी पाचोऱ्याला एक चक्कर टाकून मागाहून येतो."

पाचोऱ्याला त्यांचा कुणी जुना सोबती राहत होता. जळगावात लग्नकार्य असलं की नाना तिकडे जायचेच. माझं लग्न होऊन दोन वर्षं होत आली होती. मलाही आता ते सवयीचं झालं होतं.

"उजव्या खिशाखाली बघा, केवढं पसरलंय," गोदामावशी म्हणाल्या. त्या माझ्या सासूबाईंच्या थोरल्या बहीण. कुणाच्या मुलाला दृष्ट लागली, कुणाचा पदर फाटला, की पहिल्या धावायच्या त्या. "काढा बघू कोट. तेल बसलं की मग निघत नाही."

"राहू द्या हो," नाना म्हणाले आणि त्यांनी खिशावर हात ठेवला. "घरी गेल्यावर बघू."

पण आता सगळ्याच बायकांना विषय मिळाला होता. एक म्हणाली, पावडर टाका आणि सोडून द्या, ओढून घेते. दुसरी म्हणाली, पावडरने काही होत नाही, डाळीचं पीठ चोळा. तिसरीने आपल्या यजमानांच्या सदऱ्याला रॉकेलचा बोळा फिरवला होता. तेल गेलं, पण मग सदऱ्याचा वास जाता जाईना. त्यावर सगळ्या हसल्या. मलाही वाटलं, सासऱ्यांच्या कोटाकडे माझं लक्ष नाही असं दिसायला नको. मी मुलीला सासूबाईंकडे दिलं, उठले आणि नानांच्या खांद्यावरून कोट उतरवून घेतला.

"हेमा, नको," नाना म्हणाले. फार हळू म्हणाले. मला तो संकोच वाटला.

पोरीच्या पिशवीतून मी पावडरचा डबा काढला. गोदामावशींनी कोट मांडीवर पसरला. "आतून हात घालून कापड ताणून धरते," त्या म्हणाल्या, "तू वरून टाक." त्यांनी खिशात हात घातला आणि तो तिथेच थांबला. मग त्यांनी हळूहळू एक पुडी बाहेर काढली. वर्तमानपत्राचा कागद तेलाने पारदर्शक झाला होता. कागद फाटला आणि त्यातून तळलेल्या बट्ट्या मावशींच्या मांडीवर पडल्या. पाठोपाठ प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली वांग्याची भाजी निघाली. गाठ सुटून तिचं तेल खिशात उतरलं होतं. दुसऱ्या खिशात रुमालात बांधलेला लाडू होता.

नाना दारात सदऱ्यावर उभे होते. कोटाशिवाय ते एकदम बारीक दिसत होते.

"घरी पोटभर मिळत नाही वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणी हसलं नाही. सगळ्यांनी एकदा नानांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. पावडरचा डबा माझ्या हातात तसाच होता. मी काहीच केलं नव्हतं, आणि तरी माझी नजर वर होईना.

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांना आम्ही जिजी म्हणायचो. नानांच्या ताटात गरम पोळी मी वाढते, त्यांच्यासाठी ताक घुसळते, त्यांचं जेवण झाल्याशिवाय मी बसत नाही, हे जिजींना माहीत होतं. त्यांनी एक वाक्य बोलावं एवढंच मला हवं होतं.

जिजी माझ्या मुलीचं झबलं सारखं करत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "हल्ली सवयच लागलीय त्यांना. काय करणार."

"हो," नाना म्हणाले. "गाडीत भूक लागते मला."

आणि ते कोट न घेताच निघून गेले.

तेवढ्यात माझे यजमान, सुधाकर, दारात आले. त्यांनी मावशींच्या मांडीवरच्या बट्ट्या पाहिल्या, कोट पाहिला. मला वाटलं, संतापतील. पण ते संतापले नाहीत. चोरी पकडली गेल्यावर माणूस जसा दिसतो तसे दिसले. त्यांनी जिजींकडे पाहिलं, जिजींनी त्यांच्याकडे. "आवर ते," मला एवढंच म्हणाले आणि वळले.

मी कोट उचलून मागच्या बाजूला गेले. नळापाशी नाना उभे होते. मला पाहून त्यांनी कोट घेतला आणि डागावर पाण्याचा हात मारायला लागले. मी म्हटलं, "पाण्याने जाणार आहे का ते?" ते थांबले.

मला रडू आवरत नव्हतं. "नाना, मी तुम्हाला काही कमी करते का? सगळ्यांसमोर मला काय ऐकावं लागलं. तुम्ही मागितलं असतं तर मी रोज डबा करून दिला असता."

"तू काही कमी करत नाहीस, पोरी." ओला कोट त्यांनी छातीशी धरला होता. "माझ्यावर काय यायचं ते येऊ दे, मी सोसलं असतं. तुझ्यावर आलं. तुझा तर यात काडीचाही संबंध नाही."

"मग कुणासाठी होतं ते?"

त्यांनी नळ बंद केला. मग म्हणाले, "पोरीला घे. माझ्याबरोबर चल."

मला वाटलं, तो पाचोऱ्याचा सोबती फार गरिबीत असेल आणि त्याची लाज राखायला नाना गप्प असतील. मनात राग होता, पण थोडा अभिमानही वाटायला लागला. मी सरळ आचाऱ्याकडे गेले, त्याच्याकडून एक डबा मागितला आणि सगळ्यांच्या देखत त्यात वरण, बट्टी, भाजी, लाडू भरून घेतलं. बघा म्हटलं, काय बघायचं ते.

फाटकाशी सुधाकर आडवे आले. "नाना, हेमाला कुठे नेताय?"

"पाचोऱ्याला."

"तिला नको."

"आता पुरे झालं, सुधा," नाना म्हणाले. "आज माझी सून चारचौघांत खाली मान घालून बसली. तुझी आई समोर होती आणि तुझ्या आईने तिला तसं बसू दिलं."

सुधाकरांनी माझ्याकडे पाहिलं. ते बाजूला झाले.

पॅसेंजर गाडीत नाना माझ्या समोर बसले. मुलगी झोपली होती. डब्याला हात लावून तो गरम आहे ना, हे ते मधूनमधून बघत होते.

पाचोऱ्यात एका पिठाच्या गिरणीमागे ते घर होतं. एक खोली आणि पुढे पत्र्याची ओसरी. दारावर खडूने लिहिलं होतं, साडीला फॉल लावून मिळेल. शिलाई मशीनचा आवाज येत होता. नानांनी कडी वाजवली, आवाज थांबला आणि एक बाई बाहेर आली.

पहिल्यांदा मला दिसलं ते कपाळ आणि नाक. अगदी सुधाकरांचं. मग दिसलं की तिच्या ओठांभोवतीची कातडी पांढरी आहे, पापण्या पांढऱ्या आहेत आणि दोन्ही हात मनगटापर्यंत पांढरे आहेत. कोड होतं तिला.

"यमू, ही हेमा," नाना म्हणाले. "सुधाची बायको. आणि ही त्याची मुलगी." मग माझ्याकडे वळले. "ही माझी थोरली लेक."

यमूताईंनी पटकन दोन्ही हात पदराखाली घेतले. "नाना, यांना का आणलंत?" त्या म्हणाल्या. "सुधाला माहीत आहे? यांच्या माहेरी कळलं तर काय होईल?"

मी दारातच उभी होते. माझं माहेर वाशीमकडचं, लांबचं. माझं लग्न ठरत होतं तेव्हा माझ्या वडिलांनी विचारलं होतं, भावंडं किती? जिजींनी सांगितलं होतं, एकुलता एक आहे हो आमचा. पुढे दोन वर्षं मी त्या घरात नांदले, एवढी लग्नं, बारशी पाहिली, आणि नात्यातलं एकही माणूस माझ्यासमोर चुकूनसुद्धा तिचं नाव बोललं नव्हतं. मघाची ती खोली मला आठवली. तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं की नानांना एक मुलगी आहे. ठाऊक नव्हतं ते फक्त मला.

"आत या, वहिनी," यमूताई म्हणाल्या. "बसायला सतरंजी धुतलेली आहे."

धुतलेली आहे, हे त्यांनी मुद्दाम सांगितलं. त्या दोन शब्दांनी मला जी लाज वाटली, तशी मघाशी कार्यालयातही वाटली नव्हती.

मी आत जाऊन बसले. नानांनी डबा पुढे केला. डबा बघून यमूताई चकित झाल्या. "आज डब्यात? आणि कोट असा ओला का?" त्यांनी कोट हातात घेतला, उलटा केला, खिशाचं अस्तर बाहेर काढलं. "पाणी लावलंत ना. तेलाला आधी पाणी लावायचं नाही, किती वेळा सांगितलं तुम्हाला."

मग त्यांनी कोट जाड पंच्यात दाबून दाबून टिपला. कापडावर खुणा करायचा खडू सुरीने खरवडून त्याची पूड डागावर जाड पसरली. पूड तेलकट झाली की झटकायची, पुन्हा नवी टाकायची. त्या ते सगळं न बघता करत होत्या, इतका हात बसलेला होता. शेगडीवर कोळसे घालून त्यांनी इस्त्री तापत ठेवली. घरी आम्हाला नानांच्या कोटावर कधी डाग दिसला नव्हता तो का, हे मला तेव्हा कळलं. दर लग्नानंतर तो कोट इथून साफ होऊन येत होता.

"जेवा ना आधी," मी म्हटलं. "गार होईल."

त्या जेवायला बसल्या. बट्टी कुस्करून वरण घेताना त्यांनी विचारलं, "नवरीला शालू कुठल्या रंगाचा घेतला? अंजिरी? मी म्हटलंच होतं, तिला अंजिरी शोभेल." मग मुलाकडची माणसं कशी आहेत, मंगलाष्टकं कुणी म्हटली, गोदामावशींचे गुडघे कसे आहेत. एकेका माणसाची चौकशी केली. मी सांगत राहिले. ज्या माणसांबद्दल त्या एवढ्या मायेने विचारत होत्या, त्यांतल्या एकानेही मला कधी त्यांचं नाव सांगितलं नव्हतं, आणि हे मला त्यांना सांगताही येत नव्हतं.

शेवटी मीच म्हटलं, "ताई, तुम्ही इथे कधीपासून आहात?"

"तुमचं लग्न ठरण्याआधी सुधाला दोन ठिकाणांहून नकार आला होता. माझ्यामुळे. मग मीच म्हटलं, मी जाते. आधी इंदूरला एका संस्थेत होते. नात्यातल्या सगळ्यांना वाटतं अजून तिथेच आहे."

"खोटं बोलू नकोस, यमू," नाना ओसरीतून म्हणाले. "तू कुठे म्हणालीस? तुझी ट्रंक तुझ्या आईने भरली होती. मी बघत होतो." मग म्हणाले, "आणि स्टेशनवर ती ट्रंक मी उचलली."

यमूताई ताटाकडे बघत राहिल्या. "आई तरी काय करणार? म्हणाली, सुधाचं लग्न होईपर्यंत लांब राहा. लग्न झालं. मग म्हणाली, मूल होऊ दे. त्याचं अंग स्वच्छ निघू दे, मग बघू."

माझी मुलगी जन्मली त्या दिवशी जिजींनी तिला उजेडात नेऊन, दुपटं पूर्ण सोडून, मांड्यांच्या घड्या, बगला, कानामागची जागा, एकेक बोट उलगडून पाहिलं होतं. किती वेळ पाहत होत्या. मी खाटेवरून ते बघत होते आणि मला भरून आलं होतं, आजीला नातीचं किती कौतुक आहे म्हणून.

आणि आता यमूताईंचं बोलणं ऐकताना माझीच नजर माझ्या मुलीच्या हातांवर गेली. क्षणभरच. पण यमूताईंनी ते पाहिलं. त्यांना त्याचं नवल वाटलं नाही.

"हे कुणाला लागत नाही, वहिनी," त्या सावकाश म्हणाल्या. "डॉक्टरांची चिठ्ठी आहे माझ्याकडे. दाखवू? मी काही तिला घेणार नाही, लांबूनच बघते."

मी उठले आणि मुलीला त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी हात पटकन मागे घेतले. मग मुलगी घसरायला लागली तशा घाईने तिला धरलं. धरल्यावर मात्र सोडलं नाही. शेगडीवर इस्त्री तापून गेली, तरी उठल्या नाहीत. शेवटी डागावर टीपकागद ठेवून मी इस्त्री फिरवली. त्यांनी बसल्या जागेवरून सांगितलं, फार दाबू नका, कागद बदला, आता पुन्हा. कागदावर तेल उतरत होतं.

आम्ही दिवेलागणीला भुसावळला पोचलो. सुधाकर आणि जिजी दोघेही ओटीवर बसले होते. दिवा लावायचंही कुणाला सुचलं नव्हतं.

"पाहिलंस?" जिजी म्हणाल्या.

"पाहिलं."

"तुझ्या वडिलांना कळवणार?"

"हो. पण आधी रविवारी मी पाचोऱ्याला जाणार आहे, ताईंना घरी चला म्हणायला."

"लोक काय म्हणतील हेमा, विचार कर. तुला उद्या अजून मुलं होतील, त्यांची लग्नं..."

"लोक आज म्हणाले ना, जिजी. ही सासऱ्याला उपाशी ठेवते म्हणाले. मी तुमच्याकडे बघत होते."

जिजींनी पदर तोंडाला लावला. त्या आवाज न करता रडत होत्या. मला त्यांची दया आली नाही तेव्हा. नंतर आली, खूप वर्षांनी, माझी मुलगी लग्नाची झाली तेव्हा. सुधाकर भिंतीकडे बघत होते. मी त्यांना म्हटलं, "तुम्हाला बहीण आहे हे मला तुम्ही सांगायला हवं होतं. मी नाही म्हटलं नसतं." खरं ते बोलावं म्हणून मी पुढे म्हटलं, "कदाचित म्हटलंही असतं. पण मला विचारायला तरी हवं होतं."

"दोन वर्षं मी तिच्यासमोर गेलो नाही," ते म्हणाले. "कुठल्या तोंडाने जाऊ?"

रविवारी सकाळी मी मुलीला टोपडं बांधत होते. सुधाकर कपडे करून दारात उभे होते. येणार की नाही, ते बोलले नव्हते. जिजी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांनी निरोप दिला नाही, डबा दिला नाही. एवढंच म्हणाल्या, "भर दुपारी बाहेर काढू नका तिला. ऊन सोसत नाही, कातडी भाजते."

मी म्हटलं, "नाही काढणार. टोपडं आहे तिला." गाडी जळगाव सोडून पुढे गेली तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या माझ्या मुलीबद्दल बोलत नव्हत्या.

यमूताई त्या दिवशी घरी आल्या नाहीत. मला त्यांनी स्वच्छ सांगितलं, वहिनी, इथे लोक मला नावाने ओळखतात, तिथे मला पुन्हा मागच्या खोलीत बसायचं नाही. पुढे त्या सणावारांना येऊ लागल्या, पुढच्या दाराने. पण ती पुढची गोष्ट.

त्या रविवारी गिरणीमागच्या त्या दारात आधी मी गेले. सुधाकर मागे ओसरीच्या पायरीवरच थांबले. मशीन थांबलं. यमूताईंनी मान वर करून भावाकडे पाहिलं. "ताई," सुधाकर म्हणाले. ते खाली बघत उभे राहिले.

यमूताईंनी सुईतला दोरा दाताने तोडला.

"चपला आत काढ," त्या म्हणाल्या. "बाहेर ठेवल्या की इथलं कुत्रं पळवतं."

सुधाकरांनी चपला काढून हातात घेतल्या आणि ते आत आले. आत आल्यावर त्या ठेवायच्या कुठे हे त्यांना सुचेना, आणि बहिणीसमोर बराच वेळ ते तसेच उभे राहिले, चपला हातात धरून.